मूत्रपिंडाचा विकार आणि बालकाचे हृदय



मूत्रपिंड दुखावले की शरीरात मीठ-पाणी साचते, रेनिनचा स्राव वाढतो आणि रक्तदाब चढतो. त्या दाबाविरुद्ध अहोरात्र झटणाऱ्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत हळूहळू जाड होते. मूल मात्र हसत-खेळत असते. तक्रार बहुधा नसतेच.

औषधांनी दवाखान्यातला आकडा उतरला की घरचे निर्धास्त होतात, क्वचित गोळ्याही परस्पर बंद करतात. घात होतो तो इथेच. काही मुलांचा दाब दिवसा ठीक, पण रात्री झोपेत चढलेला असतो; दंडाला पट्टा बांधून तो चोवीस तास मोजावा लागतो. भिंतीची जाडी इकोत दिसते.

रामिप्रिल दिलेल्या ३८५ मुलांचा ‘एस्केप’ हा युरोपीय अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. दाब अधिक काटेकोरपणे उतरवलेल्या मुलांची मूत्रपिंडे अधिक टिकली. त्यांतील काहींच्या हृदयाची पुढे तपासणी झाली, तेव्हा भिंत जाड असलेल्यांचे प्रमाण घटलेले आढळले. म्हणजे हृदय सावरते. गोळी चुकता कामा नये.

डब्यातले लोणचे, पापड, वेफर्स कमी करावेत. डॉक्टरांनी मुभा दिली असेल, तर खेळाच्या तासाला अशा मुलाला वर्गात बसवून ठेवण्याचे कारण नाही. डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी वर्गशिक्षकांकडे असावी.