आधी हाक मारायला शिकवा



शाळेतून निवृत्त झालो तरी पालकसभांची बोलावणी काही सुटलेली नाहीत. हल्ली सभेत प्रश्न एकच असतो : "सर, मुलांच्या मोबाइलमध्ये काय काय बंद करून ठेवू?" कुठलं अ‍ॅप, कुठला गेम, कुठलं लॉक. एका आईने तर अभिमानाने सांगितलं की ती रात्री फोन कपाटात ठेवते आणि किल्ली मंगळसूत्राला अडकवून झोपते. सभा हसली. चिरंजीव आत्तेभावाच्या फोनवरून आपलं खातं उघडतात, हे त्या सभेत बहुधा तिला एकटीलाच ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे गावात पोहायला विहिरीत शिकवायचे. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर वाळका भोपळा बांधायचा, चुलता आधी पाण्यात उतरायचा आणि मग वरून कुणीतरी आपल्याला ढकलायचं. काठावर बसून पाण्याच्या धोक्यांवर व्याख्यान कुणी झोडलं नाही. नाकातोंडात पाणी जायचं, आपण बोंब ठोकायचो, चुलता दंडाला धरून वर काढायचा आणि पुन्हा सोडायचा. ज्यांच्या घरी विहिरीकडे फिरकायचीसुद्धा बंदी असायची, ती पोरंही जायचीच. पण भर दुपारी, चोरून. आणि चोरून गेलेलं पोर गटांगळी खाताना हाक मारायला कचरतं. हाक मारली तर बाहेर काढणारा आधी धपाटा घालणार, हे त्याला पक्कं माहीत असतं.

आता फोनकडे या. दहावी-अकरावीतला मुलगा. एका अनोळखी मुलीच्या नावाने रिक्वेस्ट येते. चार दिवस गोड गप्पा, मग रात्री व्हिडिओ कॉल. समोरून कपडे उतरवायचा आग्रह होतो आणि तिकडे स्क्रीन रेकॉर्ड होत असते. पाच मिनिटांत त्याच्याच मित्रांची, मामाची, क्लासच्या सरांची नावं त्याला पाठवली जातात : यांना दाखवू का? आधी दोन हजार मागतात. ते दिले की हा देणारा आहे एवढं कळतं, आणि मग पाच हजार. पोरगं मित्राकडून उसने घेतं, आईच्या फोनवरून यूपीआय करतं. पण घरात सांगत नाही. या धंद्याचं खरं भांडवल म्हणजे पोराला वाटणारी तुमची भीती. ते भांडवल तुम्ही रोज पुरवता, "पुन्हा काही दिसलं तर फोन फोडून टाकीन" असं म्हणून.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. आज घरी मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा : काहीही झालं, अगदी तुझी चूक असली तरी, मला सांगितलंस म्हणून फोन काढून घेणार नाही. आणि दिलेला शब्द पाळा. पहिल्याच खेपेला फोन जप्त केलात, की दुसरी खेप तुमच्या कानावर येणार नाही.

मुलगी असेल तर हे दुप्पट लागू. तिच्या डीपीवरून बनावट फोटो तयार करणं आता पोरखेळ झालंय. असा फोटो कुणी धमकावायला वापरला आणि तिने तो आणून दाखवला, तर "तू फोटो टाकलासच कशाला?" हे वाक्य गिळा. नंतरही ते बोलू नका.

सांगितल्यावर काय करायचं, तेही ऐकून ठेवा. पैसे द्यायचे नाहीत. घाबरून चॅट पुसायचं नाही. धमकीचे मेसेज, समोरच्याचं खातं, पैसे गेले असतील तर व्यवहाराचा क्रमांक, हे सगळं जपायचं. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन. तिथे वेळ फार मोलाचा असतो, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचे असतात. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर करता येते. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सोय आहे. तिथे फोटो कुणालाही पाठवावा लागत नाही; तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो आणि त्यावरून इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या तो फोटो हुडकून काढून टाकतात. आणि वर्गातल्या मुलीचा असा फोटो ग्रुपवर आला तर "गंमत म्हणून" पुढे ढकलणारा मुलगाही गुन्हाच करतो, हे मुलग्यांच्या बापांनी घरी सांगावं. माहिती तंत्रज्ञान कायद्यात त्यासाठी ६७ ब हे वेगळं कलम आहे.

आता थोडं रागावतो. पोहायला शिकवणारा चुलता स्वतः पाण्यात उतरायचा, आणि आपण? २०२३ चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो की अठराच्या आतल्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकाची संमती पाहिजे. छान. पण तो पालक कुठलंही अ‍ॅप उघडताना न वाचता 'अलाउ, अलाउ' करत बोट चालवतो. दहावीचा निकाल लागला की स्टेटसला अख्खी गुणपत्रिका! ऑनलाइन निकाल बघायला काय लागतं? बैठक क्रमांक आणि आईचं नाव. दोन्ही छापलेली. मुलीला विचारलं होतंत? तिला मराठीत बेचाळीसच पडले होते आणि ते मावशीला कळायला नको होते.

रविवारी जेवणं झाली की मुलांना घेऊन बसा, आणि आधी *स्वतःचा* फोन उघडा. व्हॉट्सअ‍ॅपची टू-स्टेप पिन लावलीय का, कुणीही उचलून आपल्याला ग्रुपमध्ये घालू शकतं का, कुठकुठलं अ‍ॅप आपलं लोकेशन बघतंय. तुम्हाला सापडलं नाही तर मुलगा दाखवेल. त्याला दाखवू द्या. बापाला शिकवलेला मुलगा उद्या बापाला सांगायलाही येतो, असा माझा अनुभव आहे.

चोरून मुलांचे मेसेज वाचावेत का, असं बरेच जण विचारतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क घरातल्या चौदा वर्षांच्या माणसाला किती, हा मोठा विषय... आणि समोरून वेळ संपत आल्याची खूण झालीय. एवढंच म्हणतो, वाचणार असाल तर त्याला आधी सांगून वाचा. चोरून वाचलंत आणि ते पकडलं गेलं, तर हाक बंद. मी पुन्हा तिथेच आलो, पण त्याला इलाज नाही.

आपलं बँक खातं चार पैशांसाठी दुसऱ्याला वापरायला देणाऱ्या कॉलेजच्या मुलांबद्दल बोलायचं होतं, ते राहूनच गेलं. नंबर पुन्हा सांगतो. पेन हाताशी नसेल त्यांनी घरातल्या मुलांना लक्षात ठेवायला सांगा : एक, नऊ, तीन, शून्य. आणि अडचणीतल्या मुलाला स्वतः फोन करायचा असेल तर चाइल्ड हेल्पलाइन, एक, शून्य, नऊ, आठ.