गाळलेले पाणी आणि बालवीरांचे विज्ञान



१९०७ साली ब्राउनसी बेटावर बेडन पॉवेल यांनी २० मुलांचे शिबिर भरविले. निरीक्षण हा त्या शिक्षणाचा पाया होता. आपल्या स्काऊट पथकाने विज्ञानाचा आरंभ घरच्या गाळण्यापासून करावा, अशी माझी विनंती आहे.

पाणी गाळूनच प्यावे, हा आपला कुलाचार. परंतु ‘नळाचे पाणी कशाला गाळायचे?’ असे नातवंडे विचारतात, तेव्हा ‘परंपरा आहे’ एवढे सांगून भागत नाही. उत्तराविना आचार फार काळ टिकत नाही.

बांगलादेशातील ६५ गावांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. जुनी सुती साडी चारपदरी करून पाणी गाळल्याने पटकीचे म्हणजे कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. पटकीचे जंतू सूक्ष्म जलचरांना चिकटलेले असतात आणि ते जलचर कापडात अडकतात. वारंवार धुतलेल्या सुताचे तंतू फुलतात व छिद्रे बारीक होतात, म्हणून जुने कापड अधिक उपयोगी. सुटे जंतू मात्र त्यातूनही निसटतात. यास्तव पाणी उकळणेही आवश्यकच.

बालवीरांनी विहिरीचे पाणी गाळण्यापूर्वी व गाळल्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, नोंदी ठेवाव्यात आणि गाळण्यातील जीव त्याच विहिरीत परत सोडावेत. अहिंसा व विज्ञान यांचा मेळ त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने पथकास दोन सूक्ष्मदर्शक द्यावेत. त्यांपैकी एकाचा भार मी आनंदाने उचलतो.

जय जिनेंद्र!