रानाचा आवाज



मी सातवी शिकलेली. पण कान आपणा सर्वांनाच आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिंकन मेडो या कुरणात बर्नी क्राउझ यांनी १९८८ साली पहाटेचे आवाज ध्वनिमुद्रित केले. नंतर तेथील निवडक झाडे तोडली गेली. रानाला धक्का लागणार नाही, असे तोडणाऱ्या कंपनीने सांगितले होते. १९८९ साली छायाचित्रात रान तसेच हिरवे दिसले. ध्वनिफितीत मात्र ओढ्याची खळखळ आणि सुतार पक्ष्याची टकटक, एवढेच उरले होते. पंचवीस वर्षांत ते पंधरा वेळा तेथे गेले. पहिला किलबिलाट परतला नाही.

खेळणारे मूल एकाएकी गप्प झाले की आपण हातचे काम टाकून धावतो. रान गप्प झाले तरी तसेच धावायला हवे.