आरेखनाकडून उत्पादनाकडे : जयपूरचा धडा



अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंग बोर्ड व टी-स्क्वेअरची जागा आता बऱ्याच अंशी संगणकाने घेतली आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात आरेखनाच्या विषयाला डिझाइनची जोड मिळाली आणि संगणक-साहाय्यित डिझाइन, म्हणजेच 'कॅड', पहिल्याच वर्षात आले. मात्र आरेखन आणि डिझाइन यांत मूलभूत फरक आहे. वस्तू कशी आहे, हे आरेखन दाखवते. ती कशी असावी, हे डिझाइन ठरवते. केवळ सॉफ्टवेअरच्या आज्ञा शिकवल्याने हा फरक भरून निघत नाही.

या संदर्भात जयपूरचे उदाहरण उद्बोधक आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 'जयपूर फूट' हा कृत्रिम पाय विकसित केला. त्या वेळी प्रचलित असलेल्या पाश्चात्त्य धर्तीच्या पायाला बुटाची गरज भासे. तो लावून उकिडवे बसणे, मांडी घालणे किंवा अनवाणी शेतात चालणे कठीण होते. सेठी-शर्मा यांनी सुरुवात केली ती या गरजांपासून. रबर व लाकूड यांसारखे सहज मिळणारे साहित्य निवडून आणि रुग्णांवर वारंवार चाचण्या घेऊन त्यांनी पायाला आकार दिला. पुढे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो लाखो गरजूंपर्यंत विनामूल्य पोहोचवला.

मग कॅडचे महत्त्व कशात? पडद्यावरील चूक सुधारण्यास काही मिनिटे लागतात. साचा तयार झाल्यावर तीच चूक सुधारायची तर साचा, साहित्य आणि वेळ या तिन्हींचा खर्च पुन्हा करावा लागतो. उत्पादनाच्या खर्चाचा मोठा भाग डिझाइनच्या टप्प्यावरच निश्चित होतो, तो यामुळेच. याच समितीच्या सहकार्याने अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी अल्पखर्चाचा 'जयपूर नी' हा कृत्रिम गुडघा विकसित केला. 'टाइम' साप्ताहिकाने २००९ च्या उत्कृष्ट शोधांत त्याचा समावेश केला. कारागिराचा अनुभव आणि विद्यार्थ्यांचे तंत्रज्ञान यांचा मेळ घालता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

केंद्र सरकारने २००७ मध्ये राष्ट्रीय डिझाइन धोरण मंजूर केले. डिझाइन अधिनियम, २००० नुसार नोंदणीकृत डिझाइनला प्रथम १० वर्षे व पुढे आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. धोरण आणि कायदा असले, तरी नवे उत्पादन घडवणारा हात वर्गातच तयार व्हावा लागतो.

म्हणून पहिल्या वर्षीच प्रत्येक गटाने एक छोटी वस्तू हाती घ्यावी : वापरणाऱ्याला भेटावे, मोजमापे घ्यावीत, त्रिमितीय प्रतिकृती रचावी, नमुना बनवावा आणि तो पुन्हा त्याच माणसाच्या हाती द्यावा. गुणही केवळ रेषांच्या अचूकतेला न देता, या चाचणीनंतर केलेल्या सुधारणांना द्यावेत. परदेशी आराखड्यांनुसार वस्तू बनवणारा देश आणि स्वतःच्या गरजेनुसार वस्तू घडवणारा देश यांतील अंतर येथूनच कमी होऊ लागेल.