स्नायुक्षय आणि घरची शुश्रूषा

शाळा सुटल्याची घंटा झाली कीं जिन्यावरून मुलांचा लोंढा खालीं येतो. त्या लोंढ्याच्या मागें, कठडा धरून एकेक पायरी उतरणारा एखादा मुलगा कधीं कधीं दिसतो. तो वारंवार पडतो. जमिनीवरून उठतांना आधीं ओणवा होतो, आणि मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकीत जणूं स्वतःच्याच अंगावर चढून उभा राहतो. पोटऱ्या मात्र त्याच्या भरदार असतात. बरोबरीचीं मुलें त्याला आळशी म्हणतात, मास्तर धांदरट म्हणतात, आणि घरचीं माणसें ‘वाढेल तसा सुधारेल’ म्हणून स्वतःची समजूत घालतात. परंतु हा आळस नसतो व धांदरटपणाहि नसतो; ती स्नायुक्षयाची पहिली खूण असूं शकते.

स्नायुक्षयाचे प्रकार अनेक आहेत. मुलग्यांत आढळणाऱ्या एका कठोर प्रकारास ड्यूशेन या फ्रेंच वैद्याचें नांव मिळालें आहे. त्यानें १८६८ मध्यें या रोगाचें सविस्तर वर्णन केलें. वर सांगितलेली उठण्याची रीत इंग्लंडांतील गॉवर्स या वैद्यानें १८७९ मध्यें वर्णिली. कारण समजण्यास मात्र त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. १९८६ मध्यें या रोगाचें जनुक हातीं लागलें, व पुढल्याच वर्षीं त्यापासून तयार होणारें ‘डिस्ट्रोफिन’ हें प्रथिन ओळखतां आलें. हें प्रथिन स्नायुपेशीच्या आवरणास बळकटी देतें. तें नसलें म्हणजे साध्या हालचालीनेंहि पेशींना इजा होत राहते, आणि हळूहळू स्नायूंची जागा चरबी व निबर तंतु घेतात.

नांवांत ‘क्षय’ असला तरी हा फुप्फुसांचा क्षय नव्हे. तो एकाचा दुसऱ्यास लागत नाहीं. याचा दोष एक्स गुणसूत्रावर असल्यामुळें तो बहुतेक मुलग्यांतच प्रकट होतो, आणि पुष्कळदां आईकडून येतो. एवढें ऐकून कित्येक घरांत सगळा ठपका सुनेच्या माथीं मारला जातो. हा अन्याय आहे. सुमारें एक तृतीयांश मुलांत तो दोष नव्यानेंच उत्पन्न झालेला असतो, आणि उरलेल्यांच्या आयांनीं तरी तो कांहीं मागून घेतलेला नसतो. दुसऱ्या अपत्याचा विचार करण्यापूर्वीं जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, त्यांत शहाणपण आहे. दोष देण्यांत नाहीं.

निदानाची वाट क्रिएटिन कायनेज या रक्ततपासणीपासून सुरू होते, आणि जनुकतपासणीनें तें पक्कें होतें. येथें एक चकवा आहे. यकृताच्या तपासणींत जे आंकडे पाहतात, त्यांतले कांहीं स्नायु झिजल्यानेंहि वाढतात; त्यामुळें मुलगा महिनोन्महिने यकृताचींच औषधें घेत राहतो.

निदान झाल्यावर डॉक्टर सांगतात कीं, हा रोग समूळ बरा करणारें औषध अद्याप नाहीं. आईबाप यांतून ‘आतां करण्यासारखें कांहींच नाहीं’ असा अर्थ काढतात आणि इस्पितळाची पायरी चढणें सोडून देतात. सर्वांत मोठें नुकसान होतें तें येथेंच. बरें करणें निराळें आणि सांभाळणें निराळें.

प्रेडनिसोलोनसारखीं स्टिरॉइड औषधें योग्य वेळीं दिलीं तर चालण्याचा काळ वाढतो. मात्र त्यांनीं वजन वाढतें व हाडें ठिसूळ होतात, म्हणून देखरेख हवी. आणि तीं आपल्या मनानें एकदम बंद करणें धोक्याचें असतें. रोज घोट्यांना व गुडघ्यांना हलका ताण देण्याचा व्यायाम आणि रात्रीं पायाला आधारपट्टी यांनीं सांधे आंखडणें लांबवितां येतें. हृदय हाहि स्नायूच आहे; म्हणून तक्रार नसली तरी त्याची दरवर्षीं तपासणी व्हावी. पुढें श्वासाचे स्नायु दुबळे होतात, तेव्हां रात्रीं मुखवट्यावाटे हवा देणारें यंत्र झोपेंत श्वासाला आधार देतें. शस्त्रक्रियेचा प्रसंग आला तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा रोग आधींच सांगावा. भुलेच्या वेळचीं कांहीं औषधें या मुलांना घातक ठरतात. पूर्वीं असे मुलगे विशीच्या आंतबाहेर जात. अशा काळजीनें आज त्यांतले पुष्कळ तिशी गांठतात.

बहुधा बाराव्या वर्षाच्या सुमारास चाकांची खुर्ची येते. घरांत तो दिवस सुतकासारखा पाळूं नये. जो मुलगा पडण्याच्या भयानें कोपऱ्यांत बसत असे, तोच खुर्चींत बसून पुन्हा मित्रांत जातो. अपंगांच्या हक्कांविषयींच्या २०१६ च्या कायद्यांत स्नायुक्षयाचा नांवानिशीं समावेश आहे. प्रमाणपत्र काढून घेतल्यास शिक्षणांतील व परीक्षेंतील सवलती मागतां येतात.

पण कांहीं गोष्टींना कायदाहि लागत नाहीं. त्या मुलाचा वर्ग वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर आणावयास एका मुख्याध्यापकाची इच्छा पुरे होते. आणि रात्रीं तीनतीनदां उठून त्याची कूस बदलणाऱ्या आईला आठवड्यांतून एक रात्र सलग झोप मिळावयास घरांतील दुसरें कोणी उठलें म्हणजे झालें.