जुन्या लॅपटॉपची डिस्क बदलताना
(केम येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



लॅपटॉप चालू व्हायला पाच मिनिटं लागतात म्हणून तो भंगारात देऊ नका. बहुतेकदा दोष हार्ड डिस्कचा असतो. आत चकती फिरते, मिनिटाला ५४०० फेरे, आणि फाइल शोधत हेड हिंडतं. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. अडीच इंची साटा एसएसडी त्याच जागी बसते. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाडीची असेल, तर सात मिलिमीटरच्या नवीला खाली पट्टी लावा. झाकण उघडलंच आहे, तर पंखाही झाडून घ्या. केममध्ये कुंकवाचे कारखाने आहेत, भुकटी कुठेही शिरते.

स्क्रूची भीती नाही, भीती कागदांची आहे. मी पहिल्यांदा डिस्क बदलली तेव्हा घाईत आपाचे शिष्यवृत्तीचे दाखले गेले. ती वर्षभर बोलत राहिली, आणि बरोबरच होतं. म्हणून आधी दाखले, मार्कशीट पेनड्राइव्हवर घ्या, उघडून बघा, मगच क्लोन करा. बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की वहीत लिहा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ चालत नसेल तर लिनक्स टाका.

जुनी डिस्क दुकानात सोडू नका. डिलीट केलेल्या फाइल तिच्यातून परत काढता येतात. यूएसबी केसमध्ये घालून घरीच ठेवा, पण एकमेव प्रत म्हणून नको.