चुलीतले दाणे



प्राचीन वनस्पतींच्या विषयावर बोलायला कामगार-चळवळीतला माणूस कशाला, असे काहींना वाटले असेल. उत्तर सरळ आहे. राजांची दाने शिलालेखांत राहतात. राबणाऱ्याने काय खाल्ले हे कोणी दगडावर कोरत नाही. ते विचारावे लागते चुलीतल्या राखेला.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० पर्यंत तेथे शेतकरी नांदले. एरवी धान्य मातीत कुजते. पण ते करपून त्याचा कोळसा झाला, की त्याला ना कीड लागते ना बुरशी. राखमाती पाण्यात कालवली म्हणजे हे हलके दाणे वर तरंगतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ते आकारावरून ओळखायचे.

इनामगावचे मुख्य धान्य निघाले जव. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. जव निवडण्यात शहाणपण होते. ते गव्हापेक्षा कमी पाण्यावर येते. शिवाय गावकऱ्यांनी पाण्यासाठी बांध घातला, चर खणला. तो एकट्यादुकट्याचा उद्योग नव्हे. अनेकांनी घमेंड बाजूला ठेवून खांद्याला खांदा लावला असेल, तेव्हाच तो झाला.

आता घरे पाहा. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर, लगत धान्याचे कोठार. कारागीर राहत पश्चिमेच्या कडेला. ते मोठे घर गावच्या मुख्याचे असावे आणि कोठारात लोकांनी दिलेला धान्यरूप कर साठत असावा, असे अभ्यासकांचे अनुमान आहे.

इ. स. पू. १००० नंतर दिवस पालटले. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शिकारीवरची भिस्त वाढली. पाऊसमान घटले हे त्याचे कारण उत्खननकर्त्यांनी मांडले. सुमारे ७०० च्या सुमारास गाव उठले.

दाणा सांगतो, काय पिकले. ते कोणाच्या ताटात किती पडले, हे दाणा सांगत नाही. त्यासाठी कोठार कोणाच्या दाराशी होते, हे पाहावे लागते. पाऊस आपल्या हातचा नाही, श्रोतेहो. कोठाराचे माप मात्र माणसाच्याच हातचे आहे, तेव्हाही होते.